‘यात काय मोठेसे?’ : यंत्र, जिन्नस आणि एकस्व

कोडे सुटेपर्यंत ते अवघड वाटते आणि सुटले की पोरखेळ वाटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. विहिरीवरचे इंजिन बंद पडलेले असते. चार जण डोके खाजवीत उभे असतात. पाचवा येतो, एक वायसर बदलतो आणि इंजिन धडधडू लागते. लगेच ते चौघे म्हणतात, “हात्तिच्या! यात काय मोठेसे?” गावातल्या पारावर या उद्गाराचा अर्थ थट्टेपुरताच असतो. न्यायालयात मात्र हाच उद्गार कोट्यवधी रुपयांच्या किमतीचा ठरतो. नव्या वस्तूवर तिच्या शोधकाला काही वर्षे मक्तेदारी द्यावयाची की नाही, हे अखेरीस याच प्रश्नावर येऊन ठेपते : ही गोष्ट त्या धंद्यातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला सहज सुचली असती काय? या प्रश्नाचा इतिहास, विशेषतः यंत्रे आणि यंत्रांचे भाग ज्या जिन्नसांचे बनतात त्यांच्या संदर्भात, या व्याख्यानात थोडक्यात मांडावा असा आमचा मानस आहे.

कळंबच्या श्रोत्यांपुढे हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. चिंतामणीच्या या गावाभोवती काळी जमीन आहे, कापूस आहे, जिनिंगची यंत्रे आहेत, आणि ती चालती ठेवणारे मिस्त्री आहेत. ज्या माणसाला ‘कल्पून’ न्यायालये या प्रश्नाचा निकाल करतात तो माणूस म्हणजे हाच मिस्त्री होय. तेव्हा हा विषय परका नाही. तो आपल्या घरचाच आहे, पण त्याची चर्चा मात्र आजवर इतरांच्या घरी होत आली.

प्रथम पेटंट, म्हणजे ज्याला शासकीय मराठीत एकस्व म्हणतात, ते काय आहे हे नीट समजून घेतले पाहिजे. एकस्व हे बक्षीस नव्हे; तो एक सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती लपवून न ठेवता सविस्तर लिहून सरकारदरबारी द्यावी. त्या बदल्यात समाजाने त्याला ठराविक मुदतीपुरती मक्तेदारी द्यावी. आणि मुदत संपल्यावर ती युक्ती सर्वांची व्हावी, असा हा करार आहे. आपल्या देशात असा पहिला कायदा १८५६ साली झाला, आणि त्याखालचा पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी मागितला. पुढे १९११ चा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली आपला सुप्रसिद्ध अहवाल दिला, त्यावरून १९७० चा कायदा झाला आणि तो १९७२ च्या एप्रिलपासून अमलात आला. आज ही मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची आहे.

सौद्यात समाजाची फसगत होऊ नये म्हणून तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी असावी, उपयोगाची असावी, आणि त्या विद्येत पारंगत असलेल्या माणसाला ती सहज सुचण्याजोगी नसावी. पहिल्या दोन कसोट्या सरळ आहेत. खरा झगडा तिसरीचा. एखादी वस्तू नवी असूनही सहज सुचण्याजोगी असू शकते. तांब्याऐवजी पितळेचा तांब्या केला तर तो नवा खरा. पण त्यात शोध कोणता?

नेमका असाच खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १८५१ साली त्याचा निकाल लागला. वस्तू होती दाराची मूठ. हॉचकिस आणि त्याच्या सोबत्यांनी भाजलेल्या मातीची वा चिनी मातीची मूठ तयार केली होती. मुठीच्या पोटात आत रुंद होत जाणारी खाच ठेवावयाची, तीत लोखंडी दांडी बसवावयाची आणि वितळलेली धातू ओतून ती पक्की करावयाची. दांडी पक्की करण्याची ही रीत धातूच्या मुठींना पूर्वीपासून वापरात होती. मातीच्या मुठीही ठाऊक होत्या. नवे एवढेच, की ती रीत मातीच्या मुठीला लावली. मूठ स्वस्त झाली, चांगलीही झाली. तरी न्यायालयाने म्हटले की, हे कुशल कारागिराचे काम आहे, शोधकाचे नव्हे. न्यायमूर्ती वुडबरी यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. वस्तू जर नवी आहे, पहिलीहून स्वस्त आणि सरस आहे, तर शोधकाला आणखी काय सिद्ध करावयास लावता, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तेव्हापासून हे दोन पक्ष आजतागायत समोरासमोर उभे आहेत.

आता याच्या उलट निकाल पाहा. कृत्रिम दातांची बैठक पूर्वी सोन्याची वा तत्सम धातूची करीत. ती कडक रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची, करण्याचे एकस्व एका अमेरिकन कंपनीच्या हाती आले. विरोधकांचे म्हणणे तेच : जिन्नस बदलला, यात काय मोठेसे? परंतु १८७६ साली त्याच न्यायालयाने हे एकस्व उचलून धरले. कारण येथे नुसता जिन्नस बदलला नव्हता; मऊ रबर हिरडीच्या साच्यावर बसवून, त्यातच दात रोवून, मग ते तापवून कडक करावयाचे, अशी सारी कृतीच बदलली होती, आणि निघणाऱ्या वस्तूचे गुण धातूच्या बैठकीत नव्हतेच. हलकी, तोंडाला नीट बसणारी, दातांशी एकजीव झालेली अशी ती बैठक होती. या मक्तेदारीपायी दंतवैद्य इतके चिडले की, १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्या कंपनीच्या खजिनदाराचा एका दंतवैद्याने खून केला. कायद्याच्या कोरड्या प्रश्नात माणसांची पोटे किती गुंतलेली असतात, याचा हा भयंकर दाखला आहे.

या दोन निकालांतून एक सूत्र निघते. जुन्याच्या जागी नवा जिन्नस ठेवला आणि जे अपेक्षित तेच फळ मिळाले, तर तो कारागिरीचा भाग. नव्या जिन्नसाने न कल्पिलेले फळ दिले, किंवा तो बसविण्यासाठी वेगळीच अडचण ओलांडावी लागली, तर तो शोध. सूत्र सोपे आहे, पण ते लावताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.

नांगराचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेत चार्ल्स न्यूबोल्डने ओतीव लोखंडाच्या नांगराचे एकस्व १७९७ साली घेतले, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावी लोखंडी नांगर केले, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनीही हाच संशय घेतला. लाकडाचे लोखंड झाले, एवढाच फरक कोणी म्हणेल. पण तो फरक लोकांच्या गळी उतरावयास वर्षे लागली. त्याहून बोधक गोष्ट जॉन डीअर या लोहाराची. इलिनॉय प्रांतातली माती आपल्या काळ्या जमिनीसारखीच चिकट. ओतीव लोखंडाच्या खरबरीत फाळाला ती लिंपून बसे आणि शेतकऱ्याला पावलोपावली थांबून फाळ खरवडावा लागे. १८३७ साली डीअरने जुन्या करवतीच्या पात्याचे गुळगुळीत पोलाद वापरून फाळ केला. माती त्यावरून आपोआप घसरून पडू लागली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला याची महती सांगावयास नको. पोलाद जुने, नांगर जुना. पण चिकट मातीवर तोड म्हणून गुळगुळीत पोलाद, हा संबंध जोडणे नवे होते.

नांगराचाच एक खटला आज या विषयाचा पायाभूत निकाल मानला जातो, आणि त्यात प्रतिवादी होती या डीअरच्या नावाने चालणारी कंपनी. खडकाळ रानात नांगराची दांडी दगडावर आपटून मोडू नये म्हणून ग्रॅहम नावाच्या शोधकाने तिला लवचिकपणे धरणारा शिकंजा केला होता. त्यात पुढे सुधारणा करून त्याने दांडी बिजागरीच्या पट्टीच्या वर होती ती खाली आणली; त्यामुळे दांडीला लवावयास अधिक मोकळीक मिळाली आणि झीजही कमी नडू लागली. २१ फेब्रुवारी १९६६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही उलटापालट सहज सुचण्याजोगी ठरवून ते एकस्व रद्द केले.

पण त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला, आणि तो जिन्नसांचाच होता. ॲडम्स नावाच्या शोधकाने मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइड यांची, पाणी घालताच चालू होणारी विजेची बॅटरी केली होती. सरकारी वकिलांचे म्हणणे असे की, जस्ताऐवजी मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडऐवजी क्युप्रस क्लोराइड वापरता येते हे पुस्तकात आहेच. मग यात काय मोठेसे? न्यायालयाने उत्तर दिले की, सुटे सुटे जिन्नस ठाऊक असले तरी असे जोडल्यास ते नीट चालणार नाहीत असेच जाणत्यांना वाटत होते. लष्करी तज्ज्ञांनी आरंभी या बॅटरीवर विश्वास ठेवला नव्हता. पुढे लष्करानेच ती वापरली. जाणते ज्याला ‘हे चालणार नाही’ म्हणत होते, त्यालाच मागून ‘हे तर सहज सुचते’ म्हणता येत नाही.

इंजिनाच्या पोटात शिरले की ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. फिरणारा दांडा आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांची झीज ही इंजिनाची जुनी व्याधी. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली बेअरिंगच्या आत कथलाच्या मऊ मिश्रधातूचे अस्तर बसविण्याचे एकस्व घेतले. कठीण दांड्याला आधार मऊ धातूचा, ही कल्पना वरवर उलटीच वाटते. पण झिजावयाचे ते स्वस्त अस्तर झिजावे आणि महागडा दांडा वाचावा, यात तिचे मर्म आहे.

दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, कथाही अशीच. पिस्टन ओतीव लोखंडाचे असत. डब्ल्यू. ओ. बेंटले या इंग्रज इंजिनियराने १९१३ च्या सुमारास ॲल्युमिनियम आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे पिस्टन मोटारीत वापरले, आणि पहिल्या महायुद्धात ते विमानांच्या इंजिनांत पोहोचले. हलकी धातू घातल्यास इंजिन अधिक वेगाने फिरेल, हे कोणालाही सुचेल. परंतु तापल्यावर ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. थंडपणी नेमका बसणारा पिस्टन तापला की सिलिंडरमध्ये अडकतो. सैल ठेवला तर थंडपणी खडखडतो. ही अडचण सोडविण्यासाठी पिस्टनच्या खालच्या घेराला चिरा देण्यापासून कमी फुगणाऱ्या सिलिकॉनयुक्त मिश्रधातूपर्यंत नाना उपाय झाले. त्या मिश्रधातूचे कण बारीक करून तिला चिवट बनविण्याची कृती अलादार पाच याने शोधली आणि १९२१ साली तिचे एकस्व घेतले. ‘ॲल्युमिनियम वापरा’ हा सल्ला सहज सुचणारा. पण ‘ते अडकू नये म्हणून असे करा’ हा सल्ला सहज सुचणारा नव्हे. जिन्नसांच्या वादात शोध बहुधा या दुसऱ्या वाक्यात लपलेला असतो.

आता आपल्या देशाकडे वळू. या प्रश्नावरचा आपला पायाभूत निकाल भांड्यांच्या धंद्यातून आला आहे. मिर्झापूरला पितळेची आणि जर्मन सिल्व्हरची भांडी होतात. भांडे लेथवर फिरवून घासताना ते एका बाजूनेच धरलेले असे. कधी उष्णतेने मऊ होणाऱ्या द्रव्याने चिकटवीत, कधी चकच्या जबड्यात धरीत. ते निसटून उडे. कामगाराला इजा होई आणि कामही मंदावे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने दुसऱ्या बाजूने दाब देऊन भांडे पक्के धरणारी योजना केली आणि १९५१ सालापासूनचे एकस्व मिळविले. त्याच गावच्या विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या पेढीशी वाद जुंपला. अलाहाबादच्या एका न्यायाधीशाने एकस्व रद्द केले. दोन न्यायाधीशांनी ते पुन्हा जिवंत केले. आणि १३ डिसेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायमचे रद्द ठरविले. दुसऱ्या बाजूने दाब देणारा लेथचा भाग फार पूर्वीपासून ठाऊक होता. तो भांड्याला लावणे ही कारखान्यातली सुधारणा, शोध नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. त्या निकालाने घालून दिलेली कसोटी अशी : धंद्यातल्या सर्वसाधारण ज्ञानाने युक्त अशा जाणत्या कारागिरापुढे ती अडचण ठेवा, पण उत्तर मात्र त्याला सांगू नका; मग त्याला तीच वाट दिसली असती काय, हे पाहा.

एकस्वाच्या तारखेपासून हा अखेरचा निकाल लागेपर्यंत सत्तावीस वर्षे गेली, हेही येथे नोंदविले पाहिजे.

दुसरा वाद अगदी आपल्या महाराष्ट्राचा. शेजारच्या वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्याने पुढे पुण्याजवळ आकुर्डीला दुचाकींचा कारखाना उभारला. त्या बजाज ऑटोने १६ जुलै २००२ रोजी एका इंजिनाच्या एकस्वासाठी अर्ज केला आणि २००५ च्या जुलैत ते मिळाले. इंजिन लहान, म्हणजे सिलिंडरचा व्यास ४५ ते ७० मिलिमीटर. आणि ठिणगी पाडणारे प्लग एकाऐवजी दोन. एका प्लगने पेटलेली ज्योत सिलिंडरच्या दुसऱ्या टोकास पोहोचावयास वेळ लागतो; दोन प्लग समोरासमोर असले की इंधनाचे पातळ मिश्रणही चटकन आणि पुरते जळते. २००३ पासून ही इंजिने पल्सरमध्ये दिसू लागली. २००७ साली दक्षिणेतल्या टीव्हीएस कंपनीने दोन प्लगांचीच ‘फ्लेम’ ही १२५ सीसीची गाडी जाहीर केली आणि ठिणगी खरोखरच पडली.

टीव्हीएसचे म्हणणे असे की, दोन प्लग ही जुनी गोष्ट आहे. होंडाच्या अमेरिकन एकस्वात ती आहे, आणि आमच्या इंजिनात तर झडपाही तीन आहेत. विमानांच्या इंजिनांत दर सिलिंडरला दोन प्लग कित्येक दशके आहेत, हेही सर्वश्रुत आहे. बजाजचे उत्तर असे की, मोठ्या इंजिनात दोन प्लग बसविणे वेगळे आणि एवढ्याशा सिलिंडरमध्ये, तेलापासून बचाव करणारी नळी देऊन, दुसरा प्लग बसवून लाभ मिळविणे वेगळे. मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी १६ फेब्रुवारी २००८ रोजी टीव्हीएसला मनाई केली. १८ मे २००९ रोजी दोन न्यायाधीशांनी ती उठविली. १६ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्रीची मुभा दिली, पण हिशेब चोख ठेवावयास सांगितले; आणि अशा दाव्यांत वर्षानुवर्षे केवळ तात्पुरत्या मनाईवरच लढाई चालते याबद्दल नाराजी दाखवून, दावे रोजच्या रोज चालवावेत व साधारणपणे चार महिन्यांत निकालात काढावेत असे बजावले. प्रत्यक्षात वाद मिटला तो २०१९ साली, दोन्ही कंपन्यांच्या आपसातल्या तडजोडीने. वीस वर्षांच्या मुदतीपैकी बारा वर्षे भांडणातच गेली.

या साऱ्या इतिहासातून आम्हांला दोन धोके दिसतात. पहिला धोका मागाहून शहाणे होण्याचा. उत्तर हाती असताना प्रत्येक शोध सोपा दिसतो. म्हणून ज्या दिवशी अर्ज झाला त्या दिवशीच्या अंधारात जाऊन उभे राहणे हे न्यायाधीशाचे कठीण कर्तव्य आहे. दुसरा धोका याच्या उलट. जे ज्ञान कारखान्याकारखान्यांत रुळले आहे त्यालाच भारी भाषेचा अंगरखा चढवून कोणी मक्तेदारी मागितली, तर ज्यांचे ज्ञान त्यांच्याच हातांना बेड्या पडतात. पहिल्या चुकीने शोधक मरतो, दुसरीने मिस्त्री. आम्हांला दोघेही हवे आहेत.

एक प्रश्न आपल्या घरचा विचारून पाहू. सरकी काढण्याच्या रोलर जिनचा मूळ आराखडा फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाचा, १८४० सालचा. त्याच्या रोलरवर चामडे असते. क्रोम लावून कमावलेल्या चामड्याची धूळ कापसात मिसळते आणि आरोग्याला घातक ठरते, म्हणून मुंबईच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने रबराचे रोलर विकसित केले. आता समजा, एखाद्या जिनातल्या फिटरने आपल्या बुद्धीने तिसराच जिन्नस लावून पाहिला. ‘चामड्याऐवजी दुसरे काही’ एवढेच त्याचे म्हणणे असेल, तर ती दाराची मूठ होय. पण तो जिन्नस तंतू पकडतो पण तोडत नाही, तापत नाही, आणि त्यासाठी रोलरची घडणच त्याने बदलली, असे तो दाखवू शकला तर ती दंतवैद्याची बैठक होय. फरक त्याच्या वहीत दिसला पाहिजे. कोणता जिन्नस कोणत्या तारखेस लावला, काय बिघडले, कशाने दुरुस्त झाले, हे त्याने लिहून ठेवलेले असले पाहिजे. आणि अर्ज करण्यापूर्वी आपली युक्ती चारचौघांत मांडता कामा नये, कारण मग ती नवी राहत नाही.

आणि ज्याला एकस्व नको आहे त्यानेही लिहावेच. आपला कायदा सांगतो की, अर्जापूर्वी या देशात जे लोकांना ठाऊक होते वा उघड वापरात होते, ते पाहूनच ‘सहज सुचण्याजोगे’ काय हे ठरवावे. म्हणजे कळंबच्या एखाद्या वर्कशॉपातली चालरीतही, पुरावा असेल तर, मोठ्या कंपनीचे एकस्व पाडू शकते. पुराव्याविना मात्र मिस्त्रीचे ज्ञान न्यायालयाच्या दाराबाहेरच राहते. बौद्धिक संपदेचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था नागपूरला, म्हणजे आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. तेथवर आपल्या तरुणांनी जावयास हवे.

आमच्या समाजात हाताने काम करणाऱ्याने लिहावयाचे नाही आणि लिहिणाऱ्याने हात काळे करावयाचे नाहीत, अशी वाटणी फार दिवस चालली. या एका वाटणीने आमच्या किती युक्त्या त्यांच्या कर्त्याबरोबरच सरणावर गेल्या असतील! कायद्याने ज्याला कसोटीचा मापदंड मानले, त्या जाणत्या कारागिराने आता हाती पान्याबरोबर पेन्सिलही धरावी. मग त्याच्या कामाकडे पाहून कोणी ‘यात काय मोठेसे?’ म्हणाला, तर उत्तर द्यावयास त्याच्यापाशी कागद असेल.